डाव्या पायाला कामच नाही

(लातूरच्या औसा रोडवर, शोरूममधून चाचणीसाठी बाहेर काढलेली गाडी. चालवताहेत फिजिक्सचे नामांकित क्लासवाले उद्धव सर. शेजारी शोरूमचा यासेर, मागे सरांच्या पत्नी राजश्री.)

उद्धव : ऐकलंस का राजश्री? दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली, आणि आवाज तरी आला का? पोटातलं पाणी हललं नाही. याला म्हणतात गिअर टाकणं!

राजश्री : पाणी न्हाई हललं, पण माझी पर्स खाली पडली.

उद्धव : ते खड्ड्यामुळं. खड्डा रस्त्याचा, गिअर माझा. दोन्हींत गल्लत करू नकोस. यासेर, तू सांग. तुझ्या शोरूममध्ये दिवसाला एवढी माणसं येतात. असा हात बघितलास कुणाचा?

यासेर : बिलकुल न्हाई सर. तुमचा हात म्हंजे काय बोलायचं! फक्त, सर, मॅडमनी फोनवर ऑटोमॅटिक बघायची म्हणलं होतं. मी तीबी धुऊन तयार ठेवलीय.

उद्धव : मॅडमनी? फोन कधी केलास तू?

राजश्री : तुमची बॅच चालू होती तेव्हा.

उद्धव : कोणती बॅच?

राजश्री : कोणती म्हणून सांगू? सकाळी उठते तेव्हा चालू असती, झोपते तेव्हा चालू असती. तुम्ही घरी असताना फोन करायचा म्हणजे पंचांग बघावं लागतं.

उद्धव : बरं, ऑटोमॅटिक. चला, चर्चा करू. कन्सेप्ट क्लिअर पाहिजे. समजा, गाडी रस्त्यात बंद पडली. साधी गाडी असेल तर ढकलून चालू होते. तुझी ऑटोमॅटिक ढकलून चालू होते का? यासेर, होते का?

यासेर : न्हाई सर. ढकलून न्हाई होत.

उद्धव : संपला विषय.

राजश्री : आपली जुनी गाडी ढकलायला तुम्ही कधी उतरला होता?

उद्धव : मी स्टेअरिंगवर असायचो ना! कुणीतरी आत बसून क्लच सोडायला लागतो.

राजश्री : हाव. तुम्ही आत बसून क्लच सोडायचे, अन् मी मागून पदर खोचून ढकलायची. रेणापूर नाक्यावर माझ्या शाळेतली सगळी पोरं बघायची, आपल्या बाई गाडी ढकलतायत म्हणून. आता ढकलून चालू न होणारी गाडी बाजारात आलीय, तर मला वाईट वाटावं म्हणता?

उद्धव : यासेर, हसू नकोस. तू माझा विद्यार्थी आहेस.

यासेर : हसत न्हाई सर. ठसका लागला.

राजश्री : हे तुमचे विद्यार्थी?

उद्धव : कोणता विद्यार्थी नाही माझा या लातुरात? कोणत्या बॅचला होतास रे?

यासेर : रिपीटर बॅच सर. शेवटच्या हॉलमधी. तिथं फॅन नव्हता.

उद्धव : हां, हां. आठवलं.

यासेर : आठवलं नसंल सर. तुम्ही आम्हाला पडद्यावरच दिसायचे.

राजश्री : तरी बरं, दिसायचे तरी.

उद्धव : मुद्द्यावर या. ऑटोमॅटिक म्हणजे काय? गाडी स्वतःच विचार करणार, तुम्ही नुसतं बसायचं. म्हणजे सरळ सरळ कॉपी करून पास होणं. ज्याला येत नाही त्याच्यासाठी ती गाडी. मला येतं. मी का म्हणून घ्यावी?

राजश्री : तुमच्या गुडघ्यासाठी.

उद्धव : माझ्या गुडघ्याला काय झालंय?

राजश्री : जिना चढताना 'आई गं' कोण म्हणतं?

उद्धव : मी म्हणतो. गुडघा नाही म्हणत.

यासेर : सर, पाय दुखत असंल तर ऑटोमॅटिकमधी डाव्या पायाला कामच न्हाई. डावा पाय निवांत.

उद्धव : जन्मभर ज्या पायानं काम केलं त्याला असं रिटायर करायचं? आणि विकायला गेल्यावर घेणार कोण ती? या लातुरात? मी चौकशी केलीय.

राजश्री : बसायच्या आधी विकायची चौकशी! लग्नाच्या टायमाला माझीबी केली होती का?

यासेर : सर, गाणं लावू का? हिची म्युझिक सिस्टिम लई चांगली हाय.

उद्धव : नको. गाडी चालवताना गाणं नाही. इंजिन ऐकावं. इंजिन बोलतं.

राजश्री : यासेर, मी तुम्हाला खरं सांगते. गुडघा त्यांचा, पण गाडी मला पाहिजे. आमची श्रद्धा नांदेडला असती. सातवा संपत आलाय तिला. जावई हैदराबादला, आठवड्याला येतात. परवा सकाळी तिचा फोन आला, 'आई, मला कसंतरी होतंय, ये.' गाडी दारात उभी. हे बॅचवर. यांचा फोन बंद.

उद्धव : टेस्ट सिरीज चालू होती. फोन आत नेत नाहीत. नियम माझाच आहे.

राजश्री : गाडी दारात, अन् मी बसस्टँडवर. नांदेडची बस लागायची वाट बघत. पोचले तेव्हा पोरगी निवांत चहा पीत बसली होती, सगळं ठीक होतं. पण ते मला पोचल्यावर कळलं. पोचेपर्यंत माझा जीव काय झाला ते कुणाला कळलं?

उद्धव : झालं ना ठीक सगळं?

राजश्री : झालं. म्हणूनच तुम्ही आज निवांत गिअर टाकून राहिलात.

उद्धव : हे बघ, तुला गाडी शिकवायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. कॉलेजच्या मैदानावर किती संध्याकाळी घालवल्या! तुला नाही जमलं. प्रत्येकाचा ॲप्टिट्यूड असतो. माणसानं स्वीकारावं.

यासेर : सर, शोरूम आलं. आता ती ऑटोमॅटिक बघून घेऊ? एक चक्कर. मॅडमच्या समाधानासाठी.

उद्धव : चल. मॅडमच्या समाधानासाठी. पण चालवणार मी. आणि मी तिला मार्क देणार, शंभरपैकी. चुकीला निगेटिव्ह.

राजश्री : गाडीला की मला?

उद्धव : दोघींना.

यासेर : या सर, ही. ब्रेकवर पाय ठेवा. उजवा. आता हा दांडा डी वर घ्या. बास. ब्रेक सोडा, गाडी आपोआप चालती.

उद्धव : आपोआप चालते म्हणजे? मी सांगितलं नाही तरी?

राजश्री : घरातबी बऱ्याच गोष्टी चालतात तशा.

यासेर : सर, एवढंच ध्यानात ठेवा. डावा पाय बाजूला. त्याला कामच न्हाई.

उद्धव : तुझ्या शाळेत मी शिकायचं का आता? ट्यूशन एरियातून घेऊ. गर्दीत कळते गाडी. काचा खाली कर. बघू देत पोरांना.

यासेर : सर, आधी मोकळ्या रोडला—

उद्धव : काचा खाली कर म्हटलं.

राजश्री : करा. सरांचं होर्डिंग बघू. मला घरात एवढं हसताना कधी दिसत न्हाईत, तिथं बत्तीस दात दाखवलेत.

उद्धव : बघ, पोरं नमस्कार करतायत. हो, हो. अभ्यास करा! राजश्री, ही गाडी मला आवडलेली नाही. काही करायलाच नाही हिच्यात. हात रिकामा. पाय रिकामा. माणूस बोअर होतो. आता समोर रिक्षा आली, मी काय करणार? मी सरळ क्लच दाबून—

राजश्री : अगं आई!

यासेर : सर! ब्रेक! सर, तो ब्रेक हाय! डावा पाय काढा!

उद्धव : क्लच कुठं गेला?

यासेर : न्हाईच आहे सर! काढा पाय! मागचा रिक्षावाला ओरडून राहिला!

राजश्री : माझा चष्मा. यासेर, तुमच्या पायापाशी माझा चष्मा आला का?

यासेर : हाव मॅडम. घ्या. फुटला न्हाई. लागलं का तुम्हाला?

राजश्री : कपाळ आपटलं. राहू द्या. कपाळाला सवय हाय.

उद्धव : डिझाइनची चूक आहे ही. जिथं क्लच असतो तिथपर्यंत एवढं रुंद ब्रेकचं पेडल कोण ठेवतं? पन्नास मार्क गेले.

यासेर : सर, चला पुढं. पोरं जमली.

राजश्री : थांबा. ती टपरीवरची पोरं काय ओरडली?

उद्धव : काही नाही. 'गुड मॉर्निंग सर' म्हणाली.

राजश्री : मी ऐकलं. 'सर, मॅडमनं क्लच सोडला काय?' असं म्हणाली. अन् सगळी हसली. मी मागं बसलेय. माझा पाय कुठल्या क्लचवर हाय?

उद्धव : पोरं आहेत. सोड ना.

राजश्री : यासेर, तुम्हीबी हसला आत्ता.

यासेर : ठसका, मॅडम.

राजश्री : ठसका मघाशी होता.

यासेर : सर, सांगू का?

उद्धव : नको.

राजश्री : सांगा.

यासेर : मॅडम, माझी नोकरी हाय इथं.

राजश्री : गाडी मी घेणार हाय. सांगा.

यासेर : मॅडम, म्हंजे असं हाय. सरांचा प्रत्येक चॅप्टरला एक जोक ठरलेला असतो. सगळ्या सरांचा असतो, पण आपल्या सरांचे फेमस हायत. घर्षणाला केळाच्या सालीचा. उष्णतेला सासूच्या चहाचा. अन् जडत्वाला… जडत्वाला तुमचा.

राजश्री : माझा?

यासेर : सर खुर्ची घेऊन बसून करून दाखवतात. मॅडम गाडी शिकतात. पहिला गिअर टाकतात. सर म्हणतात, 'हळूहळू क्लच सोड.' मॅडम एकदम सोडतात. गाडी उडी मारती, सर पुढं, मॅडम मागं, अन् गाडी बंद. मग सर फळ्यावर बाण काढतात.

राजश्री : बाण.

उद्धव : फोर्सची दिशा. राजश्री, ते शिकवण्याचं तंत्र आहे. घरातलं उदाहरण दिलं की लक्षात राहतं. त्या प्रश्नाला माझ्या एकाही पोराचा मार्क जात नाही.

यासेर : ते खरं हाय मॅडम. माझा तेवढा एक बरोबर आला होता. बाकी सगळे गेले.

राजश्री : कधीपासून सांगता हे?

उद्धव : असेल… तेव्हापासूनच.

राजश्री : म्हणजे पहिल्या बॅचपासून. म्हणजे या लातुरातले निम्मे डॉक्टर माझ्यावर हसून डॉक्टर झालेत. तो दाताचा डॉक्टर, मी तोंड उघडून बसले होते, म्हणाला, 'तुम्ही उद्धव सरांच्या मिसेस का?' अन् हसला. मला वाटलं, किती मायाळू माणूस.

उद्धव : प्रेमानं हसतात ग. तुला सगळे ओळखतात.

राजश्री : अन् शेवट काय जोकचा? बंद पडली, एवढंच?

यासेर : एवढंच मॅडम.

राजश्री : यासेर.

यासेर : शेवटी मॅडम रडतात. दर वेळेस. गाडी बंद पडली की मॅडम स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडतात. मग सर म्हणतात, 'पोरांनो, गाडी थांबली, पण आमच्या मंडळींचं पाणी थांबेना. याला म्हणतात गतीचं जडत्व.' मग टाळ्या पडतात. मॅडम, मीबी वाजवल्या. मला माफ करा. मला वाटलं, बनवलेली गोष्ट हाय.

राजश्री : न्हाई. रडणं खरं होतं.

उद्धव : राजश्री—

राजश्री : गाडी कडेला घ्या. उजवा पाय वापरा. उतरा.

उद्धव : तू काय करतेस?

राजश्री : मी चालवते. तुम्ही पुढंच बसा, पण इकडं. यासेर, तुम्ही मागं या.

उद्धव : तुला येत नाही!

राजश्री : लायसन्स हाय. शाळा सुटल्यावर रेणापूरला काळीपिवळीची वाट बघायच्या ऐवजी ड्रायव्हिंग स्कूलला जात होते, तेव्हा काढलं. मुदत संपली की परत करून घेतलं. फक्त क्लचची गाडी एकटीनं रोडवर काढायला मन धजलं न्हाई. तुमच्या कपाटात तुमच्या सत्काराच्या शालींच्या खाली ठेवलं होतं. आज पर्समध्ये आणलंय. घ्या यासेर, तुमच्या नियमात बघून घ्या.

यासेर : एकदम बरोबर हाय मॅडम.

उद्धव : लायसन्स? मला न सांगता?

राजश्री : तुम्ही मला न सांगता एवढ्या पोरांना बाण काढून दाखवला. पट्टा लावा.

यासेर : ब्रेकवर उजवा पाय, मॅडम. डी वर घ्या. आता सोडा हळूहळू. वा! बघा, निघाली.

राजश्री : निघाली की. उडी न्हाई मारली.

उद्धव : हळू. रिक्षा! गाय! अगं, माणूस!

राजश्री : मला दिसतंय. अन् तुम्ही तिथं पाय कशावर दाबून राहिलात? त्या बाजूला पेडल न्हाईत.

उद्धव : आपोआप जातो पाय.

राजश्री : बसवा त्याला मांडी घालून. यासेर म्हणाला ना, कामच न्हाई.

यासेर : मॅडम, लई झकास. लेन बी सोडली न्हाई. इथून वळलं की आपलं शोरूम.

राजश्री : हाव.

यासेर : मॅडम, शोरूम मागं राहिलं.

राजश्री : दिसलं.

यासेर : मॅडम, टेस्ट ड्राइव्हला एवढ्या लांब… मॅनेजर विचारतील.

राजश्री : त्यांना सांगा, गिऱ्हाईक पक्कं हाय. औशाच्या पुढं जाऊन येते.

उद्धव : औशाला? राजश्री, कशाला? तुझ्या माहेरी? तिथं कोण आहे आता?

राजश्री : कोण न्हाई. म्हणूनच जायचंय. यासेर, तुमचा जन्म कधीचा?

यासेर : भूकंपाच्या पुढल्या सालचा मॅडम. अम्मी म्हणती, तू पोटात होतास तेव्हा सगळे महिनोन्‌महिने बाहेर झोपायचे.

राजश्री : मी त्या वेळी माहेरी होते. गणपतीला गेले होते, श्रद्धा कडेवरची. गणपती बुडवून आलो, झोपलो, अन् पहाटे घर अंगावर आलं. आमचं दगड-मातीचं घर, वर मातीचं धाबं. श्रद्धा अन् मी दाराशी होतो, वाचलो. धाकटा भाऊ, अण्णाराव, आतल्या खोलीत. उजाडल्यावर त्याला बाहेर काढला. जिवंत. बोलत होता. छातीत दुखतंय म्हणत होता, पण बोलत होता.

उद्धव : राजश्री, हे आता कशाला? पोरासमोर…

राजश्री : पोरानं माझा जोक ऐकलाय. आता हे बी ऐकू द्या. गल्लीच्या तोंडाला कंत्राटदाराची जीप उभी होती, यासेर. धड. वर धूळ, एक काच फुटलेली, बाकी धड. किल्ली आतच. ड्रायव्हर रात्री शेजारच्या घरात झोपला होता, ते घर राहिलंच न्हवतं. गावात गाडी चालवता येणारा एक माणूस उभा दिसंना. मी श्रद्धाला शांतम्माकडं दिलं, आमच्या शेजारणीकडं. अण्णारावला मागच्या सीटवर ठेवला. अन् मी पुढं बसले.

उद्धव : तू?

राजश्री : तुम्हाला स्कूटर चालवताना बघितलं होतं. वाटलं, तसंच असंल. किल्ली फिरवली, चालू झाली. मला लई आनंद झाला. दांडा ढकलला, पाय उचलला, अन् जीपनं उडी मारली. बंद. परत. उडी, बंद. पहिल्या उडीला अण्णाराव हसला. मागून म्हणाला, 'अक्का, दमानं. बैल न्हाईत ते.' पुढच्या उडीला हसला न्हाई, नुसता कण्हला. मग मला कळलं, माझ्या प्रत्येक उडीनं त्याच्या छातीत काय होत असंल. मग मी उतरले.

यासेर : या अल्ला.

राजश्री : गावातल्या मलप्पाची बैलगाडी मिळाली. तिच्यात घातला अन् औशाकडं निघालो.

उद्धव : अण्णाराव रस्त्यात गेला, ते मला माहीत आहे. मी स्कूटर घेऊन आलो तेव्हा… पण जीपचं तू कधीच बोलली नाहीस.

राजश्री : बोलले असते तर तुम्ही मला क्लचची थिअरी सांगितली असती.

उद्धव : असं नको म्हणूस.

राजश्री : मैदानावर काय केलंत? पहिली उडी मारली गाडीनं, मला मागून अण्णारावाचा आवाज आला. मी रडले. तुम्ही विचारलंत का, का रडतेस? तुम्ही म्हणालात, 'अगं, साधं फिजिक्स आहे!' अन् हसलात. दुसऱ्या दिवशी बॅचला जाऊन बाण काढला.

उद्धव : मला वाटलं, घाबरलीस. बायका घाबरतात.

राजश्री : घाबरलेली बाई रोज संध्याकाळी परत मैदानावर कशाला आली असती? ते औसा आलं. तो डावीकडं सरकारी दवाखाना. यासेर, हा ना?

यासेर : हाव मॅडम, हाच. आता वळवायची का?

राजश्री : न्हाई. अजून थोडं पुढं. तुमचा पाय परत दाबून राहिला.

उद्धव : नाही. गुडघा दुखतोय.

राजश्री : कबूल केलंत, बरं झालं.

यासेर : मॅडम, मॅनेजरचा फोन येऊन राहिला. घेऊ का?

राजश्री : घ्या. म्हणावं, गाडी बुक झाली. बिनक्लचची. नाव राजश्रीचं. सरांना विचारून सांगत न्हाई, सरांच्या समोर सांगतेय.

उद्धव : घे. सांग त्याला.

राजश्री : रंग लाल.

उद्धव : लाल… बरं. लाल.

यासेर : झालं मॅडम, सांगितलं. ते म्हणतात, पेढे घेऊन या.

राजश्री : हा पूल. छोटा हाय, दिसतबी न्हाई कुणाला. इथं मलप्पानं बैल थांबवले. मी म्हणाले, 'थांबला कशाला, हाका की.' तो खाली उतरला, अन् त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं. मग मला कळलं.

उद्धव : राजश्री, चल. वळव गाडी.

राजश्री : वळवते. मी दर साली या पुलावरून बसनं गेलेय. गर्दीत उभी. दर वेळी वाटायचं, एकदा आपल्या हातानं इथून दवाखान्यापर्यंत जाऊन बघावं. किती लांब होतं ते.

उद्धव : उद्यापासून तो जोक बंद.

राजश्री : बंद कशाला? पोरांचा एक प्रश्न चुकायचा.

उद्धव : यासेर, लाव रे काहीतरी.

यासेर : गाणं सर? तुम्हीच नको म्हणलात मघाशी.

उद्धव : आता म्हणतोय ना. लाव. काहीही लाव.

यासेर : हे लावतो. जुनं हाय. आवाज बारीक ठेवतो.

राजश्री : राहू द्या एवढाच. अण्णारावाला गाणी लई आवडायची.

यासेर : मॅडम, पुढं ट्रॅक्टर हाय. ऊस हाय त्याच्यात. सावकाश काढा.

राजश्री : काढला.

उद्धव : छान काढलास.

राजश्री : पाय कुठाय तुमचा?

उद्धव : वर घेतलाय.

यासेर : आलं बघा मॅडम, औसा. हा दवाखाना.

राजश्री : हाच?

यासेर : हाव. उभी करायची का इथं? करा. ब्रेक दाबून ठेवा, बास.

राजश्री : यासेर, हे पुलापाशी लावलेलंच गाणं ना?

यासेर : हाव मॅडम. का?

राजश्री : काही न्हाई. अजून संपलं न्हाई.